जुळ्यांचे अध्ययन : वार्धक्यातील विचारशक्ती व स्मृती

वार्धक्यात माणसाची विचारशक्ती व स्मृती कितपत टिकून राहते आणि याबाबत व्यक्तिव्यक्तींत आढळणाऱ्या भेदांना आनुवंशिकता किती व परिस्थिती किती कारणीभूत असते, या प्रश्नाचा जुळ्या भावंडांच्या तुलनेद्वारे शोध घेणारी संशोधनपरंपरा. ही परंपरा मानसशास्त्र, आनुवंशिकी व वार्धक्यविज्ञान या तीन शास्त्रांच्या सीमेवर विकसित झाली. तिचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये झाला. तथापि वृद्ध जुळ्यांचे पद्धतशीर परीक्षण दुसऱ्या महायुद्धानंतरच सुरू झाले.

एकाच घरात वाढलेल्या दोन भावांपैकी एक ऐंशीव्या वर्षीही हिशेब तोंडी करतो, तर दुसऱ्याला सत्तरीतच नातवंडांची नावे आठवेनाशी होतात, असे अनेक कुटुंबांत दिसते. हा भेद उपजत की परिस्थितिजन्य, या प्रश्नाला केवळ शास्त्रीय महत्त्व नाही. बुद्धीचा ऱ्हास अटळ मानला, तर वृद्धांचे शिक्षण, आहार व औषधोपचार यांकडे दुर्लक्ष होते; उलट तो सर्वस्वी टाळता येण्याजोगा मानला, तर त्याचा दोष रुग्णावर व त्याच्या कुटुंबियांवर येतो. जुळ्यांच्या अध्ययनातून हाती आलेले उत्तर या दोन्ही टोकांहून वेगळे आहे.

जुळ्यांचे प्रकार व अध्ययनाचे तत्त्व : एकाच फलित अंड्याचे विभाजन होऊन जन्मलेल्या जुळ्यांना एकबीज जुळी म्हणतात. त्यांची जीनसंपत्ती जवळजवळ संपूर्णपणे सारखी असते. दोन स्वतंत्र अंडी एकाच वेळी फलित होऊन जन्मलेली जुळी ती द्विबीज जुळी होत. त्यांच्यात इतर सख्ख्या भावंडांइतकेच, म्हणजे व्यक्तिव्यक्तींत बदलणाऱ्या जीनांपैकी सरासरीने निम्मे, साम्य असते. दोन्ही प्रकारची जुळी सामान्यतः एकाच वयाची, एकाच घरात व एकाच काळात वाढलेली असतात. त्यामुळे एखाद्या गुणाच्या बाबतीत एकबीज जुळ्यांतील साम्य द्विबीज जुळ्यांतील साम्यापेक्षा अधिक आढळल्यास त्या जादा साम्याचे श्रेय आनुवंशिकतेला देता येते.

ही तुलना सहसंबंध गुणांकाच्या साहाय्याने करतात. उदा., एखाद्या स्मृतिकसोटीवर एकबीज जोड्यांतील सहसंबंध ०·८० आणि द्विबीज जोड्यांतील सहसंबंध ०·५० आहे, असे मानू. या दोहोंतील फरकाची दुप्पट, म्हणजे ०·६०, हा त्या गुणाचा आनुवंशिकतांक होय. एकबीज जोड्यांतील सहसंबंधातून तो वजा केल्यावर उरणारे ०·२० हा दोघांना समान असलेल्या कौटुंबिक परिस्थितीचा वाटा आणि १ मधून ०·८० वजा केल्यावर उरणारे ०·२० हा प्रत्येकाच्या स्वतंत्र अनुभवांचा व मापनातील त्रुटींचा वाटा समजला जातो.

आनुवंशिकतांकाचा अर्थ लावताना नेहमी एक घोटाळा होतो. ०·६० या अंकाचा अर्थ एखाद्या व्यक्तीची ६० टक्के स्मृती जीनांतून व ४० टक्के परिस्थितीतून आली, असा नाही. विशिष्ट काळातील विशिष्ट जनसमूहात व्यक्तिव्यक्तींमध्ये जे भेद आढळतात, त्यांपैकी किती भाग जीनांतील भेदांशी निगडित आहे, एवढेच तो अंक सांगतो. समूह बदलला किंवा त्याच समूहाची परिस्थिती बदलली, की अंकही बदलतो.

प्रारंभीचा इतिहास : सर फ्रान्सिस गॉल्टन (१८२२–१९११) या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७५ मध्ये जुळ्यांच्या जीवनवृत्तांताविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याने जुळ्यांना व त्यांच्या नातेवाइकांना प्रश्नावल्या पाठवून माहिती गोळा केली. लहानपणी सारखी असलेली जुळी पुढे भिन्न परिस्थितीत गेल्यावर वेगळी होतात काय आणि लहानपणी वेगळी असलेली जुळी एकाच परिस्थितीत वाढून सारखी होतात काय, हे त्याचे दोन प्रश्न होते. निसर्गाचा प्रभाव संगोपनाच्या प्रभावापेक्षा फार मोठा असतो, असा निष्कर्ष त्याने काढला. तथापि त्याची माहिती निवडक कुटुंबांच्या आठवणींवर आधारलेली होती आणि दोन प्रकारच्या जुळ्यांची संख्याशास्त्रीय तुलना त्याने केलेली नव्हती.

ही तुलना करण्याची कल्पना १९२४ मध्ये पुढे आली. त्या वर्षी हेर्मान झीमेन्स या जर्मन त्वचारोगतज्ञाने जुळ्यांच्या विकृतिविज्ञानावरील ग्रंथ लिहिला आणि अमेरिकेत कर्टिस मेरिमन याने जुळ्यांच्या बौद्धिक साम्यावरील अध्ययन प्रसिद्ध केले. १९३७ मध्ये न्यूमन, फ्रीमन व होल्झिंगर या अमेरिकन संशोधकांनी बालपणीच ताटातूट झालेल्या एकबीज जुळ्यांच्या १९ जोड्यांचे वर्णन केले. या जोड्यांतील साम्य लक्षणीय होते. पण ज्या जोड्यांत एकाला चांगले शिक्षण मिळाले व दुसऱ्याला मिळाले नाही, त्यांच्यात बुद्धिगुणांकाचा फरकही मोठा आढळला.

वंशवादी गैरवापर व इरावती कर्वे : गॉल्टननेच १८८३ मध्ये सुप्रजननशास्त्राला त्याचे नाव दिले आणि तेव्हापासून जुळ्यांचे अध्ययन या राजकीय विचारसरणीशी जोडले गेले. बर्लिन येथे १९२७ मध्ये स्थापन झालेली कैसर व्हिल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र संस्था हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. ऑयगेन फिशर हे तिचे संचालक होते. ओटमार फोन फेरशुअर हे तेथे जुळ्यांवरील संशोधन करीत.

याच संस्थेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रातील प्रसिद्ध मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (१९०५–७०) यांनी फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटसाठी संशोधन केले. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता हा त्यांचा विषय होता. या असमानतेचा संबंध वंशाशी असून युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व तीतून सूचित होते, अशी मार्गदर्शकांची धारणा होती. कर्वे यांनी निरनिराळ्या जनसमूहांच्या कवट्यांची मोजमापे घेतली, तेव्हा असमानता सर्वच समूहांत आढळली व तिचा वंशाशी संबंध दिसून आला नाही. हा निष्कर्ष त्यांनी आपल्या प्रबंधात नमूद केला. पुढे त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये अध्यापन व संशोधन करू लागल्या.

कर्वे भारतात परतल्यानंतर काही वर्षांतच जर्मनीत नाझी राजवट आली. १९४२ मध्ये फेरशुअर संस्थेचे संचालक झाले. त्यांचा शिष्य योझेफ मेंगेले याने १९४३ पासून आउश्वित्स येथील छळछावणीत जुळ्या मुलांवर क्रूर प्रयोग केले व तेथील सामग्री बर्लिनच्या संस्थेकडे पाठविली. जुळ्यांच्या अध्ययनाच्या इतिहासातील हा सर्वांत काळा कालखंड होय. मोजमापे तीच असूनही ती कोणत्या गृहीतकाच्या सेवेसाठी घेतली जातात व विरुद्ध पुरावा मान्य करण्याची तयारी आहे की नाही, यावर शास्त्राचे शास्त्रत्व अवलंबून असते, हे कर्वे यांच्या प्रबंधाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

बर्ट प्रकरण : युद्धानंतरही या क्षेत्रात वाद उद्‌भवले. सिरिल बर्ट (१८८३–१९७१) या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकबीज जुळ्यांच्या ५३ जोड्यांची माहिती १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. जोड्यांची संख्या वाढत गेली, तरी बुद्धिगुणांकाचा सहसंबंध तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत तोच, ०·७७१, राहिला, ही विसंगती लीऑन कामिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये निदर्शनास आणली. १९७९ मध्ये बर्टचे चरित्रकार हर्नशॉ यांनी ही सामग्री विश्वसनीय नसल्याचा निर्वाळा दिला. पुढे काही अभ्यासकांनी बर्टची बाजू मांडली. तथापि त्याची आकडेवारी पुराव्यातून वगळण्यात आली. या प्रकरणामुळे जुळ्यांची नोंदणी, जनुकीय चाचणीने प्रकारनिश्चिती व मूळ सामग्रीची फेरतपासणी यांबाबतचे दंडक अधिक कडक झाले.

वृद्ध जुळ्यांची अध्ययने : वृद्धांच्या बाबतीतील पहिले मोठे अध्ययन न्यूयॉर्क राज्य मनोरोग संस्थेत १९४६ च्या सुमारास सुरू झाले. फ्रान्झ कालमान (१८९७–१९६५) हा त्याचा प्रवर्तक असून त्याने साठ वर्षांवरील जुळी निवडली. पुढे लिसी यार्विक हिने तीच जुळी अनेक वर्षे पुनःपुन्हा तपासली. उतारवयातही एकबीज जुळ्यांचे बौद्धिक गुण द्विबीज जुळ्यांच्या मानाने एकमेकांच्या अधिक जवळ राहतात, असे आढळून आले. त्याचप्रमाणे निरोगी वृद्धांत बुद्धीचा सरसकट ऱ्हास होत नाही आणि काही कसोट्यांवरील गुणांत झालेली ठळक घट ही आयुष्य संपत आल्याचे पूर्वचिन्ह असू शकते, हेही तिने दाखविले.

डेन्मार्कमध्ये १९५४ पासून व स्वीडनमध्ये त्यानंतर काही वर्षांनी जुळ्यांची राष्ट्रव्यापी नोंदवही तयार करण्यात आली. जन्मनोंदी व्यवस्थित असलेल्या या देशांत कोणा एका जुळ्याच्या इच्छेवर अवलंबून न राहता नमुना निवडता येऊ लागला. १९८४ मध्ये सुरू झालेल्या स्वीडिश अध्ययनात नॅन्सी पेडरसन, जेरल्ड मॅक्‌लर्न व रॉबर्ट प्लोमिन यांनी एकत्र वाढलेली व ताटातूट झालेली अशा दोन्ही गटांतील जुळ्यांची तुलना केली. सरासरी ६५ वर्षे वयाच्या या व्यक्तींत सर्वसाधारण बौद्धिक क्षमतेचा आनुवंशिकतांक ०·८० च्या आसपास आढळला. स्मृतीच्या कसोट्यांबाबत मात्र तो ०·४० च्या आसपास होता. हे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९९७ मध्ये मॅक्‌लर्न व त्याच्या सहकाऱ्यांनी ऐंशी वर्षांवरील स्वीडिश जुळ्यांच्या २४० जोड्यांचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यांत एकबीज जोड्या ११० व द्विबीज जोड्या १३० होत्या. सर्वसाधारण बौद्धिक क्षमतेतील भेदांपैकी ६२ टक्के व स्मृतीतील भेदांपैकी ५२ टक्के भाग आनुवंशिकतेशी निगडित असल्याचे त्यांना आढळले. आयुष्यभर साठत गेलेल्या अनुभवांमुळे म्हातारपणी आनुवंशिकतेचा प्रभाव पुसट होत असेल, हा समज त्यामुळे मागे पडला. १९९५ मध्ये डेन्मार्कमध्ये ७५ वर्षांवरील जुळ्यांचे आणि २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात ६५ वर्षांवरील जुळ्यांचे दीर्घकालीन अध्ययन सुरू झाले. ऑस्ट्रेलियन अध्ययनाचे नेतृत्व भारतीय वंशाचे मनोरोगतज्ञ परमिंदर सचदेव यांनी केले.

आनुवंशिकतेचा प्रभाव वयाबरोबर वाढतो, ही या संशोधनातील एक अनपेक्षित गोष्ट होय. निरनिराळ्या देशांतील सु. ११,००० जोड्यांच्या एकत्रित विश्लेषणात बौद्धिक क्षमतेचा आनुवंशिकतांक नवव्या वर्षी ०·४१, बाराव्या वर्षी ०·५५ व सतराव्या वर्षी ०·६६ असा चढत गेलेला आढळला. बालपणी मुलाची परिस्थिती वडीलधारी मंडळी ठरवितात. मोठेपणी व्यक्ती आपल्या कलानुसार मित्र, व्यवसाय व वाचन निवडते आणि त्यामुळे लहान उपजत भेद कालांतराने मोठे होतात, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

क्षमतेची पातळी व ऱ्हासाचा वेग : एकाच जुळ्यांची अनेक वर्षे पुनःपुन्हा परीक्षा घेतल्यावर आणखी एक महत्त्वाचा भेद स्पष्ट झाला. उतारवयात व्यक्तीची बौद्धिक पातळी किती उंच आहे, यावर आनुवंशिकतेचा प्रभाव मोठा असतो. परंतु त्या पातळीपासून ती व्यक्ती किती वेगाने खाली येते, यावर तो बराच कमी आढळतो. ऱ्हासाच्या वेगात रक्तदाब, मधुमेह, पक्षाघात, श्रवणदोष, एकाकीपणा इ. वैयक्तिक घटकांचा वाटा मोठा असतो. जीनसंपत्ती एकच असलेल्या दोन बहिणींपैकी एकीची स्मृती शाबूत राहून दुसरीची खालावते, याचा उलगडा अशा घटकांतून काही अंशी होतो.

स्मृतिभ्रंश व जीन : सामान्य विस्मरणाहून वेगळा असा स्मृतिभ्रंश हा मेंदूच्या विकारांचा परिणाम असून अल्झायमर रोग हे त्याचे सर्वांत प्रमुख कारण आहे. २००६ मध्ये स्वीडनमधील ६५ वर्षांवरील जुळ्यांच्या ११,८८४ जोड्यांच्या पाहणीत या रोगाचा आनुवंशिकतांक ०·५८ ते ०·७९ यांदरम्यान आढळला. तथापि एकबीज जोड्यांतही अनेकदा एकाच जुळ्याला रोग झालेला होता आणि दोघांना झाला असेल तेथेही त्याची सुरुवात वेगवेगळ्या वयांत झाली होती.

१९९३ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी एकोणिसाव्या गुणसूत्रावरील एपीओई या जीनाचा चौथा प्रकार व अल्झायमर रोग यांचा संबंध दाखवून दिला. हा जीन मेद वाहून नेणाऱ्या एका प्रथिनाच्या निर्मितीशी संबंधित आहे. त्याचा चौथा प्रकार आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेला असल्यास रोगाचा संभव वाढतो व दोघांकडून आलेला असल्यास तो आणखी वाढतो. पण असा प्रकार असलेल्या अनेकांना रोग होत नाही आणि तो नसलेल्या अनेकांना होतो. इतर जीनांचा प्रभाव एकेकटा फार अल्प असतो. २०१८ मध्ये तीन लाखांहून अधिक व्यक्तींच्या जीनसंपत्तीच्या तपासणीत सर्वसाधारण बौद्धिक क्षमतेशी निगडित अशी १४८ जनुकीय स्थाने आढळली. स्मृतीचा एकच जीन असतो, ही लोकप्रिय कल्पना त्यामुळे टिकत नाही.

महाराष्ट्रातील व भारतातील संबंधित कार्य : जुळ्यांच्या मोठ्या नोंदवह्या प्रामुख्याने युरोप, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे आहेत, परंतु या प्रश्नाच्या निरनिराळ्या अंगांचे अध्ययन महाराष्ट्रात व त्याच्या सीमाभागात झालेले आहे. बुद्धिमापनाच्या बाबतीत व्ही. व्ही. कामत यांचे कार्य मूलभूत होय. बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाच्या कसोट्या येथील मुलांना जशाच्या तशा लावता येत नाहीत, हे ओळखून त्यांनी धारवाड येथे कानडी व मराठी भाषिक मुलांसाठी त्यांची सुधारित आवृत्ती तयार केली. १९३४ मध्ये तिच्यावरील निबंध व १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुंबईत वि. रा. खानोलकर व ल. द. संघवी यांनी १९४९ मध्ये शहरातील सहा अंतर्विवाही समूहांमधील सात आनुवंशिक लक्षणांची तुलना प्रसिद्ध केली. भारतीय समाजाच्या आनुवंशिकीय अध्ययनाचा पाया घालणाऱ्या कार्यांत तिचा समावेश होतो.

वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाची मुंबईतील एक मोठी पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. चाळीस वर्षांवरील चोवीस हजारांहून अधिक व्यक्तींच्या या पाहणीत ६५ वर्षांवरील व्यक्तींपैकी २·४४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश असल्याचे आढळले. हरयाणातील बल्लभगढ येथील ग्रामीण पाहणीत हे प्रमाण आणखी कमी, १·३६ टक्के, होते. एपीओई जीनाच्या चौथ्या प्रकाराचे प्रमाण बल्लभगढ येथे सु. ७ टक्के, तर तुलनेसाठी निवडलेल्या अमेरिकेतील एका भागात सु. ११ टक्के आढळले. मात्र त्याचा रोगाशी असलेला संबंध दोन्हीकडे सारखाच होता. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ६० वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७·४ टक्के असल्याचा अंदाज करण्यात आला. स्त्रिया, ग्रामीण व्यक्ती व अल्पशिक्षित यांच्यात ते अधिक होते. या अंकांतील तफावत वयोगट, कसोट्या व निदानाचे निकष यांतील फरकांमुळेही येते.

परिस्थितीचा प्रभाव जन्मापूर्वीच सुरू होतो, हे पुण्याजवळच्या खेड्यांतील अध्ययनातून दिसून आले. १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण प्रकल्पातील मुलांची नवव्या वर्षी परीक्षा घेतली असता, गरोदरपणी ब-१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी असलेल्या मातांच्या मुलांचे अवधान व अल्पकालीन स्मृती यांच्या काही कसोट्यांवरील गुण कमी आढळले. एकाच गर्भाशयात वाढलेल्या जुळ्यांच्या साम्याचे श्रेय सरसकट जीनांना देता येत नाही, याचेही हे द्योतक आहे.

अंकांचा अर्थ व स्थानिक परिस्थिती : परदेशी आनुवंशिकतांक आपल्याकडील वृद्धांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. स्वीडनमधील वृद्ध जुळ्यांच्या पिढीला प्राथमिक शिक्षण सार्वत्रिक होते. भारतात १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण सु. १८ टक्के व स्त्रियांमधील प्रमाण सु. ९ टक्के होते. त्या काळात जन्मलेल्या जुळ्या भावा-बहिणींपैकी भाऊ शाळेत गेला व बहीण घरकामाला लागली, अशी स्थिती सर्वसामान्य होती. जेथे संधी इतक्या विषम असतात, तेथे बौद्धिक भेदांत परिस्थितीचा वाटा मोठा असणे स्वाभाविक आहे. संधी जसजशा समान होत जातात, तसतसा आनुवंशिकतांक वाढू शकतो. म्हणजे मोठा आनुवंशिकतांक हे शिक्षण निष्फळ असल्याचे नव्हे, तर ते सर्वांपर्यंत पोहोचल्याचे लक्षण असू शकते.

ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर शहराचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर उपजीविका करणाऱ्या खेड्यांच्या या परिसराला १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका मिळाली. शहराची लोकसंख्या २००१ मध्ये सु. ५·२० लाख होती. ती २०११ मध्ये सु. ८·०९ लाख झाली. या शहरात सामावलेल्या पेणकरपाडा यासारख्या गावी जुने रहिवासी, कोकण व देशावरून आलेली कुटुंबे आणि परप्रांतीय कामगार शेजारीशेजारी राहतात. एकाच इमारतीतील दोन वृद्धांचे बालपण, आहार, भाषा व शिक्षण यांत जेवढे अंतर असते, तेवढे त्यांच्या नातवंडांत राहिलेले नाही. जीन तेच राहूनही आजोबांच्या व नातवंडांच्या पिढीचे आनुवंशिकतांक अशा ठिकाणी भिन्न येतील.

कसोट्यांच्या स्वरूपाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. लेखी शब्दांची यादी वा आकृत्या यांवर आधारलेल्या कसोट्या निरक्षर वृद्धांना अन्यायकारक ठरतात. हेमा राईरकर व गी पॉइटव्हाँ यांनी पुण्याच्या केंद्रातून चालविलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेड्यांमधून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या सांगणाऱ्या स्त्रियांपैकी अनेकींना लिहितावाचता येत नव्हते. तरीही शेकडो ओव्या त्यांना मुखोद्‌गत होत्या. छापील कसोटीवर अशा स्त्रीला मिळणारे गुण तिच्या स्मृतीचे माप नसून तिला नाकारल्या गेलेल्या शिक्षणाचे माप असू शकतात.

मूल्यमापन : जुळ्यांच्या पद्धतीला काही मर्यादा आहेत. एकबीज जुळ्यांना कुटुंब व समाज अधिक सारखी वागणूक देतात, त्यामुळे आनुवंशिकतांक वाजवीपेक्षा मोठा येण्याचा संभव असतो. वृद्धांच्या बाबतीत दोन्ही जुळी हयात व परीक्षेस समर्थ असावी लागतात. त्यामुळे निवड आपोआप निरोगी व दीर्घायुषी व्यक्तींची होते. या मर्यादा लक्षात घेऊनही वार्धक्यातील विचारशक्ती व स्मृती यांवर आनुवंशिकतेचा प्रभाव मोठा असतो, तो अनेक जीनांमधून विखुरलेला असतो आणि तो परिस्थितीवाचून कार्य करीत नाही, हे तीन निष्कर्ष आता सामान्यतः मान्य झालेले आहेत.

२०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ञमंडळाने अल्पशिक्षण, श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा, प्रदूषित हवा इ. चौदा घटकांची नोंद केली. ते पूर्णपणे दूर करता आले, तर जगातील स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सु. ४५ टक्क्यांनी कमी होऊ शकेल किंवा तो लांबणीवर पडू शकेल, असा त्यांचा अंदाज आहे. हा अंदाज व आनुवंशिकतांकाचे मोठे आकडे यांत विसंगती नाही. जीनांवरून व्यक्तींमधील भेदांचा काही अंशी उलगडा होतो. संपूर्ण समाजातील वृद्धांची स्मृती कितपत टिकेल, हे मात्र बालपणीची शाळा, गरोदर स्त्रीचे पोषण, श्रवणयंत्र व रक्तदाबाची वेळेवर तपासणी यांसारख्या साध्या गोष्टींवरही अवलंबून असते.